रुमालाखालच्या गोळ्या

लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, "सिस्टर, रिटायर झाल्यावर आता काय करता?" मी सांगते, "वृद्धाश्रमात गोळ्या देते." समोरचा "अरे वा, छान" म्हणतो आणि जिलेबीकडे वळतो. त्याला वाटतं गोळ्या देणं म्हणजे प्रसाद वाटणं. ओळीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या हातावर एकेक ठेवायची आणि पुढे सरकायचं.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात गेली. तिथला पेशंट घाबरलेला असतो. गोळी दिली की मुकाट्याने गिळतो, वर "अजून एक देता का?" म्हणून विचारतो. वृद्धाश्रमातली माणसं आजारी नसतात, म्हातारी असतात. त्यांच्याकडे दिवसभर मोकळा वेळ असतो आणि हातात गोळी असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते मला जालन्याबाहेर अंबड रस्त्यावरच्या आमच्या आश्रमात कळलं.

आमच्या धंद्यात "गोळी दिली" आणि "गोळी गेली" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. गोळी द्यायची म्हणजे माणूस ओळखायचा, त्याला नावाने हाक मारायची, गोळी कशाची आहे ते सांगायचं, बसतं करायचं, पाणी द्यायचं, मग "आ करा, जीभ वर करा" म्हणायचं. एवढं करूनही गोळी जाईलच असं नाही. मला तुळशीच्या कुंडीत गोळ्या सापडल्या आहेत, लोखंडी खाटेच्या पोकळ पायात सापडल्या आहेत. एकदा आश्रमाच्या मांजराला सारखी लघवी व्हायला लागली. चौकशी केल्यावर कळलं की एक आजोबा आपली लघवी साफ होण्याची गोळी तुपाच्या पोळीत गुंडाळून तिला चारत होते. "तिचं पोट फुगल्यासारखं वाटलं," ते म्हणाले.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे, पण एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तरुण शरीरात गोळी पाहुण्यासारखी येते आणि जाते. म्हाताऱ्या शरीरात ती मुक्काम ठोकते. मूत्रपिंड दमलेलं असतं, लिव्हर दमलेलं असतं. कालची गोळी अजून गेलेली नसते तोवर आजची येते, आणि दोघींचं जमलं नाही तर भोगायला म्हातारा असतोच. गोदाकाकू आणि सखाराम बाबांचं जे झालं, ते यातूनच झालं.

गोदाकाकू शहागडच्या. हायवेला त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल होतं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, हॉटेल त्यांनी एकटीने चालवलं. ट्रकवाले त्यांना वचकून असत म्हणे. पण हे सगळं मी त्यांच्या पुतण्याच्या, दिगंबरच्या तोंडून ऐकलेलं. आमच्याकडे आलेल्या गोदाकाकू म्हणजे खुर्चीत मान टाकून झोपलेलं एक पातळ. सकाळी झोपलेल्या, दुपारी झोपलेल्या, तोंडात घास असतानाही झोपलेल्या. "शांत राहण्याची गोळी" म्हणून एक पिवळी अर्धी गोळी दिवसातून दोनदा त्यांच्या नावावर होती. घरचे डॉक्टर देत होते, आम्ही ती पुढे चालू ठेवली. आमचे व्यवस्थापक अंभोरे साहेब कोणी पाहुणे आले की त्यांना गोदाकाकूंसमोर नेऊन उभे करत. "बघा, किती समाधानी चेहरा. इथे आल्यापासून एक तक्रार नाही."

त्या तक्रार काय झोपेत करणार?

मग एका दुपारी जेवणाच्या हॉलमध्ये स्फोट झाला. पिठलं वाढून झालं होतं. गोदाकाकूंनी एक घास घेतला, मान वर केली, डोळे उघडले आणि आवाज लावला.

"कोण्या मुडद्यानं केलं हे पिठलं?"

हॉलमधल्या सगळ्यांचे हात थांबले. तो आवाज सगळे पहिल्यांदाच ऐकत होते. स्वयंपाकी आतून धावत आला आणि झारा हातात घेऊन दारातच थिजला.

"तू केलं? हे पिठलं हाय का भिंतीला लावायचा चुना? ह्याच्यात लसूण कुठंय? अन् मी कुठंय?"

शेजारच्या आजींनी देवीचा संचार झाला असं समजून हात जोडले. अंभोरे साहेब तडक ऑफिसात गेले आणि त्यांनी दिगंबरला फोन लावला. "तुमच्या काकूंची तब्येत एकदम बिघडली आहे. त्या बोलायला लागल्या आहेत."

त्याच आठवड्यात सखाराम बाबा पडले.

सखाराम बाबा धनगर. सगळा जन्म मेंढरांमागे हिंडण्यात गेला. आमच्या आश्रमातला सगळ्यात जागा माणूस. पहाटे उठून काठी टेकत सगळ्या खोल्यांपुढून फिरत आणि माणसं मोजत. एखादा संडासात असला आणि मोजणी चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. कोणी खोकलं की ते माझ्याकडे येत. "सिस्टर, कळपात एक खोकललं की सगळ्यायला पाजावं लागतं. तुम्ही काहून थांबून राह्यल्या?" असा दक्ष माणूस. तो दिवसाढवळ्या अंगणातल्या कडुलिंबाला टेकून, काठीवर हनुवटी ठेवून, उभ्याउभ्या झोपलेला दिसायला लागला. मी म्हटलं, धनगराची सवय असेल. दुसऱ्या दिवशी आमटीच्या वाटीवर मान टेकून झोपले. तिसऱ्या वेळेला हात धुवायला उठले आणि बेसिनपाशी तोल जाऊन कोसळले. कपाळ फुटलं, टाके पडले. हाड मोडलं नाही हे केवळ नशीब. या वयात मांडीचं हाड गेलं की माणूस बहुतेकदा परत उठत नाही, हे मी दवाखान्यात फार वेळा पाहिलं आहे.

आमच्या आश्रमात दर गुरुवारी फरहीन डॉक्टर येत. तरुण मुलगी, बारीक आवाजाची, पण मनगटावर बोटं ठेवली की सोडायची नाही. तिने बाबांना तपासलं. ब्लडप्रेशर खाली, जीभ जड, डोळे अर्धे मिटलेले.

"यांना झोपेचं काही चालू आहे का?"

"काही नाही. प्रेशरची गोळी आणि हाडांसाठी कॅल्शियमची पांढरी."

"मग हे काय आहे?"

मी वैतागून म्हणाले, "काय माहीत, डॉक्टर. जी झोपलेली होती ती उठली आणि जो जागा होता तो झोपला. दोघांनी झोपेची अदलाबदल केल्यासारखं झालंय."

आणि बोलल्यावर ते मलाच ऐकू आलं.

त्या दुपारी मी व्हरांड्यात बाबांच्या खाटेजवळ टाके बघत बसले होते. तिथे झुंबरलालजी आले. ते जालन्याच्या मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, जुने अडते. राजस्थानातून आलेलं घराणं, पण किती पिढ्यांपूर्वी ते त्यांनाही आठवत नव्हतं. मुलगा परदेशात, बायको वारलेली. आश्रमातही रोज स्वच्छ धोतर, खांद्यावर मोठा रुमाल. दुपारी ते व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसत आणि एकेक म्हातारा किंवा म्हातारी त्यांच्याजवळ येऊन बसे. रुमालाखाली हात हातात घेऊन दोघं काही वेळ स्तब्ध असत. एकमेकांच्या डोळ्यांत बघत, मान हलवत. मला ते दृश्य फार आवडायचं. म्हातारपणी माणसाला स्पर्शाची किती गरज असते, असं मी घरी सुनेला सांगितलंसुद्धा होतं.

झुंबरलालजी बाबांच्या उशाशी बसले. दोघांच्या हातांवर रुमाल पडला. बाबांच्या कपाळावर पट्टी, तरी चेहऱ्यावर एकदम धूर्त भाव आले. रुमालाखाली काहीतरी हललं. बाबा पुटपुटले, "न्हाई, लई होतंय." पुन्हा हललं. "बराबर." रुमाल बाजूला झाला आणि बाबांच्या तळहातावर पिवळी अर्धी गोळी होती.

साऱ्या आश्रमात ती गोळी फक्त गोदाकाकूंना होती.

मोंढ्यात आणि बैलबाजारात पूर्वी असाच सौदा व्हायचा. भाव तोंडाने बोलायचा नाही, रुमालाखाली बोटं दाबून सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्याला कळत नाही. मी ज्याला स्पर्शाची गरज समजत होते, ती भावाची घासाघीस होती.

मी गोळी काढून घेतली आणि झुंबरलालजींसमोर बसले. "शेटजी, हे काय चाललंय?"

ते मुळीच दचकले नाहीत. उलट, इतके दिवस कोणीतरी विचारावं म्हणून थांबल्यासारखे खुलले. "बाजार आहे, सिस्टर. छोटा आहे, पण चोख आहे."

"गोळ्यांचा?"

"दुसरा माल इथं आहे काय? पैसा न्हाई, गोळीला गोळी. रोज सकाळी आवक होते, बराबर आठला. तुम्हीच तर आणता." त्यांनी पिवळ्या गोळीकडे बोट दाखवलं. "हिला उठाव लई. त्या लाल कॅप्सूललाबी आहे, चकाकी चांगली. गॅसच्या गोळीला कोणी विचारत न्हाई. अन् कॅल्शियमचा दाणा मोठा, पण कस न्हाई."

"आणि गोदाकाकूंनी ही विकली? त्या तर झोपलेल्या असतात!"

"विकली कुठं? त्यांच्या तोंडातून पडते. तुम्ही देता, पाणी देता, त्या आ करतात, तुम्ही पुढं जाता. गोळी टाळूला चिकटलेली असते. मंग बाई झोपली की लाळेसंग पदरावर येते. बेवारस माल. मी उचलतो अन् गरजवंताला देतो."

म्हणजे बाई इतकी झोपलेली होती की तिला झोपेची गोळी गिळणं जमत नव्हतं. कधी गोळी पडे, कधी पोटात जाई. हळूहळू पडण्याचं प्रमाण वाढलं आणि बाई जागी झाली. आणि प्रेशरच्या गोळीवर ती पिवळी चढवून सखाराम बाबा आधी आमटीवर झोपले आणि मग बेसिनपाशी पडले. मी सांगत होते तसं शेटजींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"ते माझ्या गोळीनं पडले?"

"हो."

"मला वाटलं, त्यायला झोप पाहिजे, त्यांनी मागितली, मी दिली. माल तर कंपनीचा होता." एवढं बोलून ते रुमालाशी चाळा करत बसले. त्यानंतर रोज सकाळी मी बाबांची पट्टी बदलताना ते बाजूला उभे राहायचे.

बातमी अंभोरे साहेबांकडे गेली. साहेबांना कुठलाही प्रश्न वस्तूच्या रूपात दिसतो. त्यांनी फर्मान काढलं की रुमाल जप्त करा. झुंबरलालजींचा रुमाल गेला, तर सौदे पंच्याखाली सुरू झाले. पंचे जप्त झाले. मग टॉवेल. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर पुरुष विभाग अंगणात रांगेने उन्हात उभा राहून वाळत होता. नेमके त्याच सकाळी आश्रमाचे एक विश्वस्त सहकुटुंब देणगीचे धान्य घेऊन फाटकातून आत आले. त्यांच्या पत्नी ज्या वेगाने गाडीत परत बसल्या, तो वेग मी कधी विसरणार नाही. टॉवेल दुपारपर्यंत परत मिळाले. बाजार तोपर्यंत भजनाच्या पेटीवरच्या कापडाखाली सरकला होता आणि "विठ्ठल विठ्ठल" म्हणताना दोन आजी एकमेकींची बोटं दाबत होत्या.

मी झुंबरलालजींना बाजूला घेतलं. "शेटजी, बाबांचं पाहिलंत. तरी बाजार का चालू आहे? तुम्हाला एवढं कळतं."

"मी बंद केला, सिस्टर. पण ते लोक आता माझ्याबिगर करून राह्यले. बाजार बसला की उठत न्हाई." मग ते म्हणाले, "मोंढ्यात सकाळी पाय ठेवला की चार माणसं विचारायची, शेटजी, आज भाव काय? इथं आल्यापासून मला एकच सवाल विचारतात, शौचाला झाली का? सांगा, ह्याच्यात सौदा काय करणार?"

मला हसू आलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. कारण तो प्रश्न रोज सकाळी विचारणारी मीच.

मी फरहीन डॉक्टरला हे जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "बाजार मोडता येत नसेल तर सगळा माल एकदा बाहेर येऊ द्या. कोणाला रागवायचं नाही. बघू तरी काय काय आहे."

पुढच्या गुरुवारी जेवणाची टेबलं जोडून त्यावर चादर अंथरली. ज्याच्याकडे जे औषध असेल ते आणायचं, मग ते आम्ही दिलेलं असो, घरून आणलेलं असो की उशीखालचं असो. पुकारा करायला मी झुंबरलालजींनाच सांगितलं. ते गुलाबी पगडी घालून आले. मुलाच्या लग्नानंतर ती त्यांनी पेटीतून बाहेर काढलीच नव्हती.

ढीग बघून डॉक्टर खुर्चीत बसली. कानात घातलेले डोळ्यांचे थेंब निघाले. एकच गोळी दोन कंपन्यांच्या दोन नावांनी दोन डॉक्टरांनी लिहिलेली निघाली, आणि आजोबा दोन्ही घेत होते, "एक जालन्याची, एक अंबडची" म्हणून. सखाराम बाबांनी मेंढरांच्या जंताच्या औषधाची बाटली ठेवली. "उरलेली व्हती. मला कधीमधी पोटात कळ आली की झाकणभर."

"बाबा, हे मेंढीचं आहे!"

"मेंढरू मेलं न्हाई ह्यानं कधी," बाबा म्हणाले.

झुंबरलालजी एकेक वस्तू उचलून ठणठणीत आवाजात पुकारायचे. "लाल कॅप्सूल! कोणाची? कशासाठी? कधीपासून?" डॉक्टर माणसाला जवळ बोलवायची, प्रेशर बघायची, विचारायची आणि "राहील" किंवा "गेली" असा निकाल द्यायची. काही गोळ्या कोणी, कशासाठी सुरू केल्या होत्या ते कोणालाच सांगता येईना. काही एका गोळीचा त्रास घालवायला दिलेल्या दुसऱ्या गोळ्या होत्या. काही तिने लगेच बंद केल्या, काही हळूहळू उतरवायच्या ठरवल्या. "गेली" म्हटलं की मंडळी टाळ्या वाजवायची आणि ज्याची गोळी गेली त्याचं तोंड उतरायचं. एक आजोबा तर भांडले, "त्याच्या सहा ठेवल्या अन् माझ्या दोनच? मी काय फुकटात राह्यतो?"

एका आजींनी कुंकवाच्या डबीतून एक जुनं पाकीट काढलं. त्यांच्या वारलेल्या यजमानांच्या छातीच्या गोळ्या होत्या. झुंबरलालजींनी ते पाकीट उचललं, बघितलं आणि पुकारा केला नाही. हळूच डॉक्टरच्या हातात दिलं. डॉक्टरने गोळ्या काढून घेतल्या आणि रिकामं पाकीट आजींना परत दिलं. त्यांनी ते डबीत नीट घडी करून ठेवलं.

सखाराम बाबांची पाळी आली तेव्हा डॉक्टरने विचारलं, "बाबा, झोप का येत नाही तुम्हाला?"

"छत दिसतं," बाबा म्हणाले.

एवढंच कारण होतं. कोणी विचारलंच नव्हतं. त्यांची बाज लिंबाखाली टाकली आणि मच्छरदाणी बांधली. ते त्या रात्रीपासून झोपायला लागले, अगदी गोळीशिवाय. झुंबरलालजींना मी फाटकावर भाजीच्या टेम्पोवाल्याशी सौदा करायचं काम दिलं. तो पोरगा पहिल्या दिवशी रुमालाखाली हात घालायला लाजला. पण आता तोही बोटं दाबतो, आणि शेटजी सकाळी मला बघितल्याबरोबर, मी काही विचारायच्या आतच, दोडक्याचा भाव सांगतात.

राहिल्या गोदाकाकू. डॉक्टरने त्यांची पिवळी गोळी पूर्ण बंद केली. "अशी गोळी एकदम थांबवायची नसते, पायरीपायरीने उतरवायची असते," ती मला म्हणाली. "तोंडातून पडत पडत तिची तीच उतरली. त्यांना काही झालं नाही हे मोठं नशीब आहे. पण आता परत नको." काकू तोपर्यंत स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायला लागल्या होत्या. स्वयंपाकी दोनदा रडला आणि पिठलं सुधारलं.

आणि दिगंबर आला.

पन्नाशीचा माणूस, डोळ्यांखाली काळं, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. जीप घेऊनच आला होता. तो अंभोरे साहेबांना म्हणाला, "तुमच्याकडं शांत राहील म्हणून आणून सोडलं. आता लोकायला शिव्या देती म्हणता. गोळी सुरू करा, न्हाईतर मी दुसऱ्या ठिकाणी नेतो. तिथं देतात."

"गोळी देणार नाही," डॉक्टर म्हणाली. "त्यांना गरज नाही."

"मी सांगून राह्यलो ना!"

"तुम्ही सांगून काय होणार? पोट त्यांचं आहे."

साहेब मध्ये पडले. "मॅडम, नातेवाइकांचं ऐकावं लागतं. त्या स्वतः काही ठरवू शकतील अशी अवस्था आहे का? बघा, आपण त्यांची परीक्षा घेऊ."

गोदाकाकूंना ऑफिसात आणलं. त्यांनी दिगंबरकडे बघितलं, बटणांकडे बघितलं आणि खुर्चीवर बसल्या.

डॉक्टरने विचारलं, "काकू, आज वार कोणता?"

"बुधवार," साहेब म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं."

"गुरवार," काकू म्हणाल्या. "ही डाक्टरीण गुरवारीच येती. साहेबाला तपासा."

"आता किती वाजले असतील?"

काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंच नाही. "कुकर लागलाय, म्हणजे बाराच्या आसपास. त्या घड्याळात दहा वाजून राह्यले. मी आल्ते तवाबी दहाच वाजले व्हते."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, मग घड्याळाकडे.

"हे कोण आहेत?"

"दिगू. माझ्या दिराचा. लहानपणी भजे चोरून खायचा अन् तोंड पुसायला इसरायचा." मग त्यांनी थेट त्याला विचारलं. "आता तू सांग. आज शहागडला बाजार हाय का न्हाई?"

दिगंबर गोंधळला. "हाय... न्हाई... काकू, मला आठवंना."

"डाक्टरीणबाई, ह्याची परीक्षा कवा घेता?"

मी खिडकीकडे तोंड करून हसले. मग डॉक्टरने पुढचा प्रश्न विचारला. "काकू, तुम्हाला कुठे राहायचंय?"

"मन शहागडला हाय," त्या म्हणाल्या. "पण तिथं हा मला इचारल्याबिगर गोळी देईल. दुसरीकडं नेलं तर तिथं कोण बसलंय म्हाईत न्हाई. इथं निदान त्या बाईनं," म्हणजे मी, "मला इचारलं, काकू, तुमची गोळी बंद केली, कसं वाटतंय? मंग इथंच."

डॉक्टर म्हणाली, "झालं. त्यांचा निर्णय त्यांचा." साहेबांनी खांदे उडवले. दिगंबर ताडकन उठला, चावी घेतली आणि दारापर्यंत गेला.

"जेवून जा," काकू म्हणाल्या.

"भूक न्हाई."

"भूक इचारली का मी?"

तो जेवला. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. पहिल्या घासाला थांबला आणि ताटाकडे बघत राहिला. मी पाणी द्यायला वाकले तेव्हा तो हळू आवाजात बोलायला लागला, ताटाशीच बोलल्यासारखा.

"सिस्टर, तुम्हाला वाटलं असंल मी वाईट माणूस हाय. ती हायवेवर जाऊन उभी राह्यची. चालत्या ट्रकायला हात करायची, चहा प्या म्हणून. हॉटेल कवाच बंद पडलं, नवा रस्ता झाला, पण तिला पटायचं न्हाई. एक ट्रक तिच्यापासून हाताभरावर थांबला. ते पाहिल्यापासून मी झोपलो न्हाई. दाराला कडी लावून दारातच आडवा पडायचो. डॉक्टरनं गोळी दिली. ती झोपायला लागली. मला बरं वाटलं. पण मला झोप आलीच न्हाई. आजून न्हाई." त्याने हात धुतले आणि इकडेतिकडे बघून विचारलं, "ती पिवळी तुमच्याकडं पडली असंल ना? मला मिळंल का एखादी?"

मी म्हणाले, "डॉक्टर अजून आत आहेत. चला, आधी तपासून घ्या. मग ठरवू."

डॉक्टरने त्याला तपासलं, बराच वेळ बोलली. गोळी दिली नाही. पुढच्या गुरुवारी परत यायला सांगितलं आणि आता या अवस्थेत गाडी चालवायची नाही, असं बजावलं. तो व्हरांड्यातल्या बाकावर जरा टेकतो म्हणाला. मी डॉक्टरच्या सूचना ऐकून परत येते तोवर तो झोपला होता. चप्पल पायातच, तोंड उघडं, हात खाली लोंबत होता.

तो दुपार जाऊन संध्याकाळ झाली तरी उठला नाही. गोदाकाकू खुर्ची ओढून त्याच्या उशाशी बसल्या आणि पदराने माशा वारत राहिल्या. कोणी काठी टेकत जवळून गेलं, कोणी खोकलं, कोणाच्या हातून पेला पडला, की त्या खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि पार अंबड रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायच्या, "गप बसा रे मुडद्यांनो! पोरगं झोपलंय!"

दुपारची झोप घेणारे सगळे म्हातारे त्या आवाजाने दचकून उठून बसले. दिगंबर तेवढा हलला नाही.